ह्युमिडिफायरची एजन्सी घेण्याआधी गावातल्या कूलरकडे बघा



मागच्या बॅचमध्ये दिग्रसकडच्या एका मुलानं मला प्रश्न विचारला. परदेशातले व्हिडिओ बघून आला होता. म्हणाला, "सर, तिकडे पूर्ण घराला एकच ह्युमिडिफायर बसवतात. आपल्या यवतमाळात कोणाकडेच नाही. एजन्सी घेऊ का? कॉम्पिटिशन शून्य आहे."

कॉम्पिटिशन शून्य आहे हे खरं. पण कॉम्पिटिशन का नाही, हा प्रश्न आधी विचारायचा असतो. कधी कधी दुकान नसतं कारण गिऱ्हाईकच नसतं.

त्याला जे उत्तर दिलं तेच आज सविस्तर लिहितोय. माझं मत सरळ आहे. आपल्या जिल्ह्यात पूर्ण घराला ओलावा देणारं यंत्र आधीपासून घरोघरी आहे, त्याचं नाव कूलर. ते विकणारे चिक्कार आहेत. ते नीट निवडून देणारा आणि वर्षभर सांभाळणारा माणूस मात्र गावात सापडत नाही. धंदा तिथे आहे.

तिकडचं यंत्र इकडे का चालत नाही

अमेरिका-कॅनडात हिवाळ्यात बाहेर बर्फ असतो. घरात भट्टीनं तापवलेली हवा पत्र्याच्या डक्टमधून खोल्याखोल्यांत फिरते. थंड हवेत मुळातच पाण्याची वाफ कमी असते, ती तापवली की हवा एकदम कोरडी होते. ओठ फुटतात, लाकडी फर्निचरला चिरा पडतात. म्हणून त्या डक्टलाच ह्युमिडिफायर जोडतात. आत एक ओला पॅड असतो, त्यातून हवा जाते आणि ओलावा घेऊन घरभर पसरते. पॅड दर सीझनला बदलायचा, क्षार खरवडायचे, एवढीच त्याची देखभाल.

आता आपल्याकडे बघा. घरात भट्टी नाही, डक्ट नाही. आपला कोरडा काळ हिवाळ्यापेक्षा मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंतचा. तेव्हा आपल्याला ओलाव्यासोबत थंडावाही पाहिजे. ओल्या पॅडमधून हवा ओढणारं यंत्र म्हणजे कूलरच. तत्त्व एकच, फक्त पंखा मोठा. छतावर मोठा कूलर ठेवून पत्र्याच्या डक्टनं चार खोल्यांत हवा सोडली, की झालं आपलं पूर्ण घराचं ह्युमिडिफायर. मंगल कार्यालयं, अभ्यासिका, कोचिंग क्लासमध्ये हे डक्ट कूलर तुम्ही बघितलेच असतील.

ओलावा मोजायची सवय आपल्याला आहे

आपला कापसाचा जिल्हा. सीसीआयच्या केंद्रावर कापूस नेला की ग्रेडर आधी ओलाव्याचं यंत्र खुपसतो. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर १२ पर्यंत कपात, त्याच्यापुढे गाडी परत. शेतकऱ्याला हे आकडे तोंडपाठ असतात. मग घरातल्या हवेचा ओलावा का मोजू नये? तीन-चारशे रुपयांत तापमान आणि ओलावा दाखवणारं छोटं घड्याळासारखं यंत्र मिळतं. या धंद्यात तुमची पहिली खरेदी तीच.

त्याचा उपयोग सांगतो. मे महिन्यात दुपारी ४३ अंश तापमान आणि १५ टक्के ओलावा आहे असं धरा. अशा हवेत थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलं तर पारा साधारण २३ अंशांपर्यंत उतरतो. कूलर जास्तीत जास्त तिथपर्यंतच जाऊ शकतो. चांगला, पूर्ण भिजलेला पॅड त्यातलं ८० टक्के अंतर कापतो. म्हणजे जाळीतून साधारण २७ अंशांची हवा येते. ४३ चे २७!

आता जुलै घ्या. ३२ अंश आणि ७५ टक्के ओलावा. तोच कूलर, तोच पॅड, पण हवा जेमतेम ३ अंशांनी थंड होते आणि वर चिकचिक वाढते. गिऱ्हाईक म्हणतं, "कूलर बिघडला." कूलर बिघडलेला नसतो, हवेला आणखी पाणी नको असतं. हे तुम्ही विकतानाच सांगितलं तर जुलैचा फोन येणार नाही. लपवलं तर येईल, आणि भांडणाचा येईल.

माझी चूक, जी तुम्ही करू नका

२०१८ चा उन्हाळा यवतमाळकर विसरणार नाहीत. निळोणा आणि चापडोह आटले होते. नळाकडे डोळे लावून बसायचं, टँकर आला की ड्रम घेऊन धावायचं. मी तेव्हा नवीनच दुकान टाकलं होतं. बीबीएमध्ये शिकलो होतो की डिमांड असेल तेव्हा स्टॉक हलवा. गर्मी भयंकर, म्हणून मी सगळ्यांना सगळ्यात मोठा कूलर दाखवायचो. "मोठा घ्या, घर गार होईल." मार्जिनही त्यातच जास्त होतं.

दहा-बारा दिवसांनी एक मावशी दुकानात आल्या. म्हणाल्या, "भाऊ, तुमचा कूलर पानी लय पेते. आमी काय प्यावं?"

मी काय केलं? भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' मावशी काही बोलल्या नाहीत, निघून गेल्या. त्यानंतर त्यांच्या गल्लीतून दोन वर्षं माझ्याकडे एकही गिऱ्हाईक आलं नाही. पंखा नाही, मिक्सर नाही, साधा बल्बसुद्धा नाही.

त्या उन्हाळ्यातच मी बादलीनं मोजून बघितलं. दुपारच्या कडक उन्हात माझ्याकडचा मोठा कूलर तासाला १५ लिटरच्या वर पाणी उडवत होता. दहा तास चालवला तर दीडशे लिटर! ज्या घरात टँकरचा एक ड्रम दोन दिवस पुरवायचा आहे, तिथे मी रोजचा एक जास्तीचा ड्रम पिणारं जनावर बांधून आलो होतो.

आणि इथे कूलरला दोष देऊन चालत नाही. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता लागते. ती उष्णता पाणी हवेतून घेतं, म्हणून हवा गार होते. तासाला १५ लिटर म्हणजे १० युनिटांइतकी उष्णता. पंखा आणि पंप मिळून वीज घेतात जेमतेम पाव युनिट. बाकीचं काम पाणी करतं. पाणी न पिता गार करणारा कूलर कोणी दाखवला तर समजा फसवतोय.

निवडताना विचारायचे पाच प्रश्न

आता माझ्या दुकानात किंमत सांगायच्या आधी हे पाच प्रश्न विचारले जातात. कामावरच्या पोरालाही सक्त ताकीद आहे.

पहिला, खोली केवढी? लांबी, रुंदी, उंची फुटांत गुणा आणि २ नं भागा. तेवढे घनफूट हवा दर मिनिटाला लागते. १० बाय १२ ची, १० फूट उंच खोली म्हणजे १२०० घनफूट, म्हणजे मिनिटाला ६०० घनफूट हवा. ८०० चौरस फुटांचं पूर्ण घर डक्टवर घ्यायचं तर ४०००. डब्यावर आकडा घनमीटर प्रतितास असा असेल तर त्याला १.७ नं भागा. कूलरसाठी भारतीय मानक आहे, आयएस ३३१५. कॅटलॉगमधला हवेचा आकडा कशावरून दिला आहे, हे डीलरला विचारायला लाजू नका.

दुसरा, हवा बाहेर कुठून जाणार? हा प्रश्न शंभरातले नव्वद दुकानदार विचारत नाहीत असा माझा अनुभव आहे. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, तेवढीच हवा बाहेर गेली पाहिजे. मिनिटाला १००० घनफुटांमागे साधारण २ चौरस फूट उघडी खिडकी ठेवा, तीही कूलरच्या समोरच्या बाजूला. दारं-खिडक्या बंद करून कूलर लावला की तासाभरात ओलावा चढतो, गादी दमट लागते, घाम सुकत नाही. ते ओलाव्याचं यंत्र खोलीत ठेवा. आकडा ६५ च्या वर गेला की खिडकी आणखी उघडा किंवा पंप थोडा वेळ बंद करून नुसता पंखा चालवा.

तिसरा, पाणी किती आणि कसलं? नळ किती दिवसांनी येतो? बोअरचं पाणी आहे का? पातेल्याला, गिझरला पांढरा थर बसतो का? पाण्याची टंचाई असेल तर मोठा कूलर विकू नका. एक खोली, छोटा कूलर, आणि तो दुपारी १२ ते ५ आणि रात्री झोपताना. विक्री छोटी होईल, गिऱ्हाईक मोठं होईल.

चौथा, अर्थिंग आहे का? याच्याबद्दल खाली वेगळं लिहितो.

पाचवा, त्या जागेत काय ठेवलंय? किराणा दुकानात साखर पाझरते, पापड मऊ पडतात. झेरॉक्सच्या दुकानात कागद मशीनमध्ये अडकतो. तिथे कूलर द्यायचाच असेल तर माल आणि मशीन हवेच्या झोतातून दूर ठेवायला सांगा. नाहीतर सरळ नाही म्हणा.

पॅडबद्दल लोक नेहमी विचारतात. लाकडाच्या बारीक तंतूंच्या ताट्या, ज्याला आपण गवत म्हणतो, त्या स्वस्त असतात आणि दरवर्षी बदलायच्या असतात. वाळ्याच्या ताट्यांचा वास सुरेख, पण महाग. मधमाशीच्या पोळ्यासारखे हनीकॉम्ब पॅड नीट सांभाळले तर दोन-तीन सीझन सहज जातात. माझं मत असं, की बोअरचं जड पाणी आणि आळशी मालक असेल तर हनीकॉम्बच्या नादी लागू नका. त्याची छिद्रं क्षारानं बुजतात, हवा अडते आणि महागडा पॅड वाया जातो. तिथे दरवर्षी नवीन गवत बरं.

डक्ट कूलर बसवताना अजून एक काळजी घ्या. तो छतावर सावलीत ठेवा आणि संडासाच्या व्हेंट पाइपपासून लांब. तो बाहेरची हवा ओढतो. वास आला तर पूर्ण घरात येतो.

शॉकचा विषय गमतीचा नाही

दर उन्हाळ्यात विदर्भातल्या पेपरात कूलरचा शॉक लागून कोणी गेल्याची बातमी येते. महावितरण दरवर्षी आवाहन करते, तरी येते. ओली फरशी, लोखंडी बॉडी आणि पाण्यात बुडालेला पंप. एक वायर सोलली की सगळा कूलर जिवंत होतो.

मीच विकलेल्या एका कूलरचा एका शाळकरी पोराला झटका बसला होता. ओल्या हातानं टाकीत पाणी टाकत होता. फेकला गेला म्हणून वाचला. मी धावत गेलो. घरात थ्री-पिनचा बोर्ड छान बसवलेला होता, पण मागे अर्थिंगची वायर कुठेच जोडलेली नव्हती. मी कूलर विकला होता, घर बघितलं नव्हतं. त्या पोराच्या आईनं मला एक शब्दही ऐकवला नाही, उलट चहा विचारला. तो चहा मला घशाखाली उतरला नाही.

त्या दिवसापासून माझा नियम आहे, घर बघितल्याशिवाय कूलर चालू करायचा नाही. अर्थिंग लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यायचं. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायला सांगायचं, गळती झाली की तो क्षणात सप्लाय तोडतो. पाणी भरताना, साफ करताना स्विच बंद करून प्लग काढायचा. पंपाच्या वायरला टाकीच्या आत जोड नको, चिकटपट्टीवाला तर नकोच. गिऱ्हाईक म्हणालं, "आरसीसीबीचा खर्च कशाला?" तर मी म्हणतो, मग कूलर दुसरीकडून घ्या. आजवर तीन-चार विक्री गेल्या असतील. जाऊ द्या.

देखभाल, हाच तुमचा माल

मुख्य मुद्द्यावर येतो. कूलर ऑनलाइन तुमच्यापेक्षा स्वस्त मिळणार. किमतीच्या लढाईत छोटा दुकानदार हरतो. पण टाकी घासायला ऑनलाइनवाला येत नाही.

आणि टाकी घासणं किती महत्त्वाचं ते बघा. पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार असलेलं बोअरचं पाणी आणि रोज दीडशे लिटर खर्च धरला, तर रोज ७५ ग्रॅम क्षार मागे राहतात. ९० दिवसांत पावणेसात किलो! ते पॅडवर, पंपात, टाकीच्या तळाशी बसतात. उपाय एकच, आठवड्यातून किमान एकदा टाकीतलं उरलेलं पाणी पूर्ण काढून टाकायचं, जड पाणी असेल तर दोनदा. फेकू नका, संडासात किंवा फरशी पुसायला वापरा. बसलेला थर सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून ब्रशनं निघतो.

दुसरं कारण डास. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून बसतात आणि कोरडी असली तरी कित्येक महिने तग धरतात. पुढच्या वर्षी पाणी भरलं की त्यातून अळ्या निघतात. म्हणून घासायचंच. सगळ्यात धोकादायक कूलर कोणता माहीत आहे? जूनमध्ये बंद करून, तळाशी चार बोटं पाणी तसंच ठेवून, पावसाळाभर खिडकीला लटकलेला.

आता याचा धंदा कसा करायचा? वर्षाला तीन फेऱ्यांची सेवा विका. पहिली फेरी फेब्रुवारीच्या शेवटी ते मार्चमध्ये. ताट्या बदलणं, पंप, वायर आणि अर्थिंग तपासणं. दुसरी मेच्या मध्यात, क्षार काढणं आणि पाण्याच्या नळ्यांची भोकं मोकळी करणं. एक भोक बुजलं की तेवढा पॅड कोरडा राहतो आणि तिथून गरम हवा आत येते. तिसरी जूनमध्ये. टाकी रिकामी, घासून, वाळवून, लोखंडी बॉडीला गंजविरोधी रंग, आणि वर कव्हर.

उदाहरणासाठी हिशोब मांडतो. आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदला. घरामागे वर्षाला ९०० रुपये, ताट्या आणि पंपाचे पैसे वेगळे. १०० घरं म्हणजे ९०,००० रुपये. पेट्रोल, ब्रश, ॲसिड, किरकोळ सामान घरामागे २५० धरा, २५,००० गेले. एकूण ३०० फेऱ्या, दिवसाला सहा केल्या तर ५० दिवसांचं काम. मदतनीस रोज ५०० नं, आणखी २५,००० गेले. उरले ४०,०००.

तुम्ही म्हणाल, सर, ४०,००० मध्ये वर्ष कसं निघेल? नाही निघणार. मी तुम्हाला खोटं स्वप्न विकणार नाही. पण दुसऱ्या बाजूनं बघा. भांडवल जवळजवळ शून्य, उधारीचा स्टॉक नाही, आणि १०० घरांचे दरवाजे वर्षातून तीनदा तुमच्यासाठी उघडतात. त्या घरात पंखा गेला, गिझर घ्यायचा, बोर्ड जळाला, तर ते आधी कोणाला फोन करतील? दुकान नंतर टाका. आधी ही १०० घरं जमवा. मी उलट केलं, आधी दुकान टाकलं आणि मग गिऱ्हाईक शोधत बसलो.

"सेवेचे पैसे आपल्याकडे कोणी देत नाही," असं बरेच जण म्हणतात. आगाऊ मागितले तर देत नाहीत, हे मान्य. म्हणून पहिल्या वर्षी फेरीगणिक घ्या, तीनशे-तीनशे. काढलेला क्षार आणि गाळ एका भांड्यात त्यांना दाखवा. एकदा तो गाळ डोळ्यांनी बघितला की दुसऱ्या वर्षी माणूस स्वतःहून फोन करतो. "एसी येतायत, कूलर संपणार" असंही ऐकतो. एसी वाढतायत हे खरं. पण ज्या घराला दिवसाचे दोन-अडीच युनिट परवडतात आणि दहा परवडत नाहीत, ती घरं आपल्या जिल्ह्यात अजून पुष्कळ आहेत. तुमचं गिऱ्हाईक तेच आहे.

त्या मावशींचं सांगायचं राहिलं. तिसऱ्या वर्षी मीच त्यांच्या घरी गेलो. मोठा कूलर परत घेतला, छोटा बसवला, फरकाचे पैसे दिले. त्या म्हणाल्या, "लवकर आला!" टोमणाच होता, मी ऐकून घेतला. आता त्या गल्लीतली अकरा घरं माझ्या यादीत आहेत, आणि भिंतीवरची ती पाटी मी काढून टाकली आहे.

तर या आठवड्याचा गृहपाठ. आपल्या गल्लीतल्या दहा घरी जा. काही विकू नका. फक्त विचारा, कूलर किती वर्षांचा, टाकी शेवटची कधी घासली, अर्थिंग कोणी तपासलं. उत्तरं वहीत लिहा. दहापैकी सात जणांनी "कधीच नाही" सांगितलं, तर तुमचं मार्केट रिसर्च झालं.

आणि दिग्रसच्या भाऊ, तुझी वही मी स्वतः तपासणार आहे!